दुसऱ्या जागेवरची उर्सा

कापुआच्या रंगमंचावर उर्सा बावीस वर्षं दुसरी होती. ज्याने आमच्याकडची सोंगं पाहिली आहेत त्याला वेगळं सांगायला नको. पहिली बाई पुढे येते, नवऱ्याला फसवते, शेजाऱ्याला डोळा घालते, रडते, पळते. आणि तिच्या मागे पावलाभर अंतरावर दुसरी उभी असते. पहिली जे जे करील ते सगळं दुसरीने करायचं, फक्त अर्धा क्षण उशिरा आणि दुप्पट मोठं. पहिलीने सुस्कारा टाकला की दुसरीने असा टाकायचा की मागचा पडदा हलला पाहिजे. लोक हसतात ते दुसरीला, आणि टाळ्या पडतात त्या पहिलीच्या नावाने. ही रीतच आहे, यात अन्याय कुणाचाच नाही, असं उर्सा भेटेल त्याला सांगायची. न विचारता सांगायची, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळायचं की बाईला हे काही पटलेलं नाही.

तिची आई रंगमंचावरची, म्हणून तीही रंगमंचावरची. भटारखानेवाल्याच्या पोराने भट्टीच लावायची आणि सोंगवालीच्या पोरीने सोंगच करायचं, हा रोमच्या सम्राटाचा कायदा. रंगमंचामागच्या त्याच गल्लीत, त्याच वर्षी मेलितिना जन्मली. मेलितिनाच्या आईला दूध नव्हतं, तेव्हा उर्साच्या आईने दोघींना पाजलं. "माझ्या वाटणीचं दूधसुद्धा तिनेच प्यायलंय," असं उर्सा पुढे म्हणायची, आणि लोक हसायचे. ती मात्र हसत नसे.

दोघी चौदा वर्षांच्या झाल्या तेव्हा सोंगांच्या मंडळीच्या मालकाने त्यांना शेजारी शेजारी उभं केलं, बाजारात अंजीर निवडावं तसं एकवार बघितलं आणि बोट दाखवलं. "तू पुढे. तू मागे." एवढ्यात दोन आयुष्यं ठरली. मालकाला त्या दिवशी घाई होती म्हणे, जेवायला जायचं होतं.

तेव्हापासून उर्सा मेलितिनाची पाठ बघत आली. तिच्या मानेवर डावीकडे दोन तीळ आहेत, हे तिच्या सोंगातल्या नवऱ्यांनाही ठाऊक नसेल, उर्साला होतं. मेलितिना काहीही खायची आणि अंगाला लागत नसे, याचा उर्साला राग होता. तिचा आवाज बसला तरी गोड लागायचा, याचा राग होता. अत्तरांच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने नव्या अत्तराला मेलितिनाचं नाव दिलं, तेव्हा उर्साने ते हुंगून बघितलं आणि भर दुकानात म्हणाली, "बकरीचा वास येतो." मग चार दिवसांनी दुसऱ्या बाईला पाठवून त्याचीच एक कुपी आणवली.

आणि तरी दोघी जेवायला एका थाळीत बसायच्या. यात नवल नाही. शत्रूचा नुसता राग येतो. हेवा करायला जिवाचंच कुणीतरी लागतं.

गेल्या वर्षी द्राक्षं तुडवायच्या दिवसांत मेलितिनाला ताप भरला. साधा ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी ती बरळू लागली आणि तिसऱ्या दिवशी तिने ख्रिस्ताच्या लोकांचं पाणी मागितलं. तिची आई त्या लोकांत जाऊन बसायची, तेव्हाचं काहीतरी तिच्या मनात राहिलं असावं.

आता रंगमंचावरच्या बाईला बाप्तिस्मा म्हणजे सोपं काम नाही. चांगली असताना मागितला तर चर्चवाले म्हणतात, आधी सोंग सोड. सोंग सोडायला गेली तर कायदा म्हणतो, सोडता येत नाही. सणांना लोकांना हसवणार कोण? फक्त मरणाच्या दारातल्या बाईला कुणी नाही म्हणत नाही. पण त्याआधी नगरसभेचा माणूस येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, की ही खरंच चालली आहे ना. कारण पाणी पडल्यावर ती चुकून जगलीच, तर मोकळी. बाप्तिस्मा झालेलं अंग पुन्हा सोंगाला उभं करणं पाप, हे सम्राटालाही मान्य आहे.

मेलितिनाला बघायला टर्टुलस आला होता. नगरसभेतला जाडजूड माणूस, लहानपणापासून रंगमंचासमोरच्या पहिल्या रांगेत बसणारा. तो दारातच नाकाला फडकं लावून थांबला. "हिला काय तपासायचं? पाणी ओता लवकर," एवढं बोलून तो गेला. म्हातारे धर्मगुरू प्रिमुलस आले, त्यांनी पाणी ओतलं, तेल लावलं. उर्सा उशाशी बसून होती. चार दिवस ती तिथून हलली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी मेलितिनाने डोळे उघडले आणि विचारलं, "डाळ आहे का गं?"

उर्सा आनंदाने रडली, अगदी ओक्साबोक्शी. चुलीवर मसूर चढवला, त्यात लसूण टाकला, आणि ढवळता ढवळता तिच्या लक्षात आलं की ही आता सुटली. तिचा हात थांबला. डाळ खाली लागली तरी तिला कळलं नाही.

मेलितिना गल्ली सोडून चर्चच्या विधवांच्या घरात राहायला गेली. तिथे ती लोकर पिंजायची, आजाऱ्यांची अंथरुणं धुवायची. डोक्यावर शाल घेऊन हौदावर पाण्याला यायची, तेव्हा बाया सरकून तिला वाट द्यायच्या. वर्षापूर्वी याच बाया ती जवळून गेली की आपले कपडे सावरून घेत. उर्सा आपली घागर घेऊन रांगेच्या शेवटी उभी असायची. तिला कुणी वाट देण्याचा प्रश्नच नव्हता.

"तू पण येत जा की चर्चला," मेलितिना एकदा म्हणाली. "ऐकायला कुणीही आलेलं चालतं. बाप्तिस्मा नसलेल्यांना मागे उभं करतात, इतकंच."

"मागे उभं राहायला मला तुझ्या चर्चला कशाला यायला हवं?" उर्सा म्हणाली. "ते मला इथेही मिळतं."

"तुझी जीभ काही सुधारत नाही."

"तुझी सुधारली ना, पुष्कळ झालं. एका गल्लीत एक संत बास झाली."

मेलितिना हसली, आणि मग तिने हसू आवरून तोंडापुढे शाल धरली. तसं आवरणं उर्साने तिच्यात कधी पाहिलं नव्हतं. ते तिला अतिशय झोंबलं.

आता सगळ्यांना वाटेल की चला, निदान पहिलीची जागा तरी उर्साला मिळाली. मिळाली की. मालकाचा मुलगा हिलारस आता मंडळी चालवायचा. त्याने उर्साला पुढे काढलं आणि मागे एक नवी बाई दिली. उर्सा झोकात पुढे आली, आणि थांबली. बावीस वर्षं तिने अर्धा क्षण थांबूनच सगळं केलेलं. पुढच्या पाठीने आधी हलायचं, मग हिने. आता पुढे पाठच नव्हती. नुसता उजेड आणि माणसं. वाक्यं तिला पाठ होती, हातवारे पाठ होते, पण प्रत्येक गोष्ट अर्धा क्षण उशिरा व्हायला लागली. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग फुटाणे खाऊ लागले. आमच्या कापुआत लोक फुटाणे खाऊ लागले की समजावं, सोंग पडलं.

पडद्यामागे हिलारसने डोक्याला हात लावला. "उर्से, तू कुणाची वाट बघत होतीस?"

पुढच्या महिन्यात त्याने पुतेओलीहून एक फेंगड्या पायांची बाई आणली आणि उर्साला पुन्हा मागे ढकललं. त्या बाईला धड चालता येत नसे. तिची नक्कल म्हणजे नकलेचीच नक्कल.

माणसाला एकदा जळायचं ठरवलं की सरपण कुठूनही मिळतं. उर्साला हिवाळ्यात एक सरपण मिळालं, आणि ते वसंतापर्यंत पुरलं. ते असं, की मेलितिना मुळात आजारी नव्हतीच. ते सोंग होतं. उर्सा रोज अंथरुणात पडून ते चार दिवस आठवायची. डाव्या हाताने पांघरुणाचे धागे उपटणं. छताच्या एकाच कोपऱ्याकडे बघणं. तीन आखूड श्वास, मग एक लांब. इतकं बेतशीर कुणी मरतं का? अख्ख्या कापुआला बनवून बया सुटली. आणि त्याहून मोठं दुःख हे, की तिने उर्साला सांगितलं नाही. बावीस वर्षं मी हिच्या मागे. निघताना नुसता डोळा मारला असता तरी मला कळलं असतं.

तिने हौदावर सरळ विचारलं. "खरं सांग. ते सोंग होतं ना?"

"तू उशाशी होतीस की."

"होते म्हणून तर विचारते."

"देवाने परत पाठवलं मला, उर्से."

"मग त्याला माझा पत्ता सांगून ठेव. रंगमंचामागची गल्ली, तिसरं दार," उर्सा म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

त्याच आठवड्यात तिने ठरवलं. मेलितिना ज्या वाटेने गेली त्याच वाटेने आपण जायचं. मागून जाणं हाच आपला धंदा. मग इथे का चुकावं?

गुलाबांच्या सणाचे खेळ आठ दिवसांवर आले असताना उर्सा आजारी पडली. तीन दिवस ती जेवली नाही. जिऱ्याचं पाणी पीत राहिली. त्याने चेहरा पांढराफटक पडतो, हे सोंगवाल्या बायांना आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. पांघरुणाखाली चुलीतली गरम वीट चिंधीत गुंडाळून ठेवली. आणि मग सुरू केलं. डाव्या हाताने धागे उपटले. छताचा कोपरा धरला. तीन आखूड, एक लांब. मेलितिनाने केलेलं एकूण एक, जसंच्या तसं. दुप्पट मोठं करायचं नाही, एवढं मात्र तिने स्वतःला पुनःपुन्हा बजावलं होतं, आणि ते तिला जमलंही. हिलारस बघायला आला तो रडतच बाहेर गेला.

"पाच दिवसांवर सण आणि ही निघाली," तो गल्लीत म्हणत होता. "चांगली बाई हो. तोंडाची वाईट, पण चांगली."

उर्साला ते ऐकू आलं. असं चांगलं आपल्याबद्दल कुणी बोललेलं तिने प्रथमच ऐकलं, आणि डोळे मिटून पडायला तिला बळ आलं. तिने पाणी मागितलं. ख्रिस्ताच्या लोकांचं.

दुपारी टर्टुलस आला. या वर्षीचे खेळ त्याच्याच गळ्यात पडले होते, त्यामुळे तो दारात थांबला नाही, सरळ आत येऊन उभा राहिला. त्याच्या मागून प्रिमुलस धर्मगुरू पाण्याचं भांडं घेऊन आले, आणि त्यांच्या मागून डोक्यावर शाल घेतलेली मेलितिना.

"हिला मीच बोलावलं," टर्टुलस म्हणाला. "सणाच्या तोंडावर दुखणं येतं तेव्हा मला जरा शंका येते. या धंद्यातलं आतलं हिला कळतं, आणि आता ही तुमची झालीय, म्हणजे खोटं बोलायची नाही. बाई, बघ आणि सांग."

उर्साच्या अंगाला खरा घाम फुटला, त्याचा उपयोगच झाला. मेलितिना येऊन खाटेच्या कडेला बसली. तिच्या अंगाला पूर्वी अत्तराचा वास असायचा. आता लोकरीचा आणि दिव्याच्या तेलाचा होता. तिने उर्साचं मनगट धरलं. कपाळावर हात ठेवला. मग कपाळ बघायला वाकावं तशी खाली वाकली आणि कानात म्हणाली, "जिरं फार झालं."

संपलं, उर्साला वाटलं. हिला सुटकेची वाट एकटीसाठीच हवी होती. आता ही उठेल आणि आपल्या त्या नव्या, आवरलेल्या आवाजात सांगेल.

मेलितिना सरळ बसली. टर्टुलसकडे न बघता धर्मगुरूंना म्हणाली, "पाणी ओता, बाबा. ही आजची संध्याकाळ बघत नाही."

ही तीच बाई, जी मासळीवालीला उधारीबद्दल थाप मारायलाही आता भीत होती. हौदावर सगळ्या जणी त्यावरून तिची थट्टा करायच्या. उर्साला मिटल्या डोळ्यांआड कळलं की हिने आपल्यासाठी स्वतःचा देव पणाला लावला. आणि पाठोपाठ जुनी, ओळखीची कळही आली: म्हणजे आता जन्मभर हिचे उपकार. सुटायचं तेही हिच्याच हातून.

मेलितिना खरोखरच रडत होती. तिने डाव्या हाताने शालीचं टोक उचललं, उजवा डोळा पुसला, डावा पुसला, आणि हात छातीवर ठेवून एक सुस्कारा टाकला.

अर्धा क्षण गेला. मग खाटेवरच्या मरणाऱ्या बाईचा डावा हात वर आला. त्याने पांघरुणाचं टोक उचललं, उजवा डोळा पुसला, डावा पुसला, धपकन छातीवर येऊन पडला, आणि पाठोपाठ असा सुस्कारा आला की धर्मगुरूंच्या हातातल्या भांड्यातलं पाणी हललं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. उर्साची मरतानाही गेली नाही.

मग टर्टुलस हसायला लागला. तो तरी काय करील? बावीस वर्षं पहिल्या रांगेत बसून तो याच जागेवर हसत आला होता. भिंतीला टेकून, डोळे पुसत तो हसला. उर्सा उठून बसली. पांघरुणातून वीट सुटून खाली पडली.

"वा," तो म्हणाला. "वा, बाई."

आणि मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. तो मेलितिनाकडे वळला.

"मागच्या वर्षी तुला बघून 'पाणी ओता' मीच म्हटलं होतं. तेव्हापासून सभेत मला टोमणे मारतायत, टर्टुलस, तुला बायकांनी बनवलं. मी म्हणायचो, छे, मी डोळ्यांनी बघितलंय. आता सांग. तेही असंच होतं का?"

"मी खरंच मरत होते," मेलितिना म्हणाली.

"आत्ता तू म्हणालीस ही संध्याकाळ बघत नाही."

मेलितिनाने मान खाली घातली. प्रिमुलस धर्मगुरू जमिनीकडे बघत राहिले. त्यांना तिची बाजू घेता येईना, कारण खोटं त्यांनीही कानांनी ऐकलं होतं.

"तेव्हा उशाशी कोण होतं?" टर्टुलसने विचारलं.

"मी," उर्सा म्हणाली.

"मग तूच सांग. आणि आधी नीट ऐकून घे. ते सोंग होतं असं तू म्हणालीस, तर पाणी फसवून घेतलं असं ठरेल आणि ही उद्यापासून रंगमंचावर. तू तिच्या मागे, पूर्वीसारखी. आजचा हा प्रकार मी विसरून जाईन. सणाला कापुआला तुम्ही दोघी हव्या आहात, ती पुतेओलीची बदकीण नको. सांग."

उर्साने मेलितिनाकडे बघितलं. इतके महिने तिने हेच तर मागितलं होतं. ही शाल उतरावी. हौदाची रांग हिलाही लागावी. ती पाठ, ते दोन तीळ पुन्हा पुढे असावेत, म्हणजे आपल्या हातांना कुणाची वाट बघायची ते कळेल. एक शब्द बोलला की झालं. तो शब्द तिच्या जिभेवर आला, आणि गोडही लागला. मेलितिना तिच्याकडे बघत होती. विनवत नव्हती, तिचा चेहरा नुसता पांढरा पडला होता, जिऱ्याशिवाय.

शब्द तोंडात असतानाच उर्सा नाइलाजाने ते चार दिवस पुन्हा आठवू लागली. हिवाळाभर तिने धागे आणि श्वास मोजले होते. आता दुसरंच आठवलं. निळी पडलेली नखं. ओठांच्या कोपऱ्यात वाळलेला फेस. चार वेळा धुतलेलं, तरी वास न गेलेलं अंथरूण. केसांचा झालेला गुंता. त्या चार दिवसांत मेलितिना एकदाही सुंदर दिसली नव्हती. आणि ही बाई, सोंगात, लोकांदेखत, स्वतःला कुरूप दिसू देईल? हिवाळाभराचं सरपण एका दमात विझलं. उर्साला त्याचा रागच आला.

पण खरं सांगायचं तरी कसं? विटेसकट पकडलेल्या बाईच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

"साहेब," उर्सा म्हणाली, "हिला मरता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जमतच नाही. कधी जमलं नाही. विषाचं सोंग आठवतं तुम्हाला? ही पेला प्यायची आणि पडायची. पण पडायच्या आधी कपडा सावरायची. पडताना मान अशी टाकायची, गळा लोकांना दिसावा म्हणून. बरं, मेल्यावर तरी? मेल्यावरसुद्धा पोट आत ओढून पडून राहायची. असं मढं कुणी पाहिलंय? तुम्ही पहिल्या रांगेत असायचा. तेव्हा लोक कुणाकडे बघायचे?"

टर्टुलस विचारात पडला. प्रश्न रंगमंचाचा होता, आणि त्यात तो खोटं बोलू शकत नव्हता. "तुझ्याकडे," तो म्हणाला. "मी तरी तुझ्याकडेच बघायचो. तू मेल्यावर पाय झाडायचीस ना, एकेक. माझे वडीलही तुझ्याकडेच बघायचे."

बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य असं, भलत्या वेळी आलं. उर्साने ते बाजूला ठेवलं. त्याच्याकडे नंतर निवांत बघता आलं असतं.

"मग सांगा," ती म्हणाली. "मागच्या वर्षी हिच्या तोंडाला फेस होता. नखं निळी होती. अंथरूण मी धुतलंय, वास मला विचारा. दारात तुम्ही नाकाला फडकं लावलंत ते उगाच नाही. ते सोंग असतं तर हिने तुम्ही यायच्या आधी केस विंचरून घेतले असते. इतकं चांगलं मरण हिच्या अंगात नाही, साहेब. ते खरंच होतं."

टर्टुलसने मेलितिनाकडे बघितलं, उर्साकडे बघितलं, आणि त्याचे खांदे सैल झाले. त्यालाही आपण मूर्ख ठरलो नाही हे हवंच होतं. "खरं आहे," तो म्हणाला. "मान अशी टाकायची. खरं आहे. मी सभेत हेच सांगीन." दाराकडे जाताना तो थांबला. "आणि तू, बाई. तू हात उचलला नसतास तर मी फसलो होतो. सणाला वेळेवर ये. मागेच उभी राहा."

"दुसरीकडे कुठे जाणार?" उर्सा म्हणाली.

तो गेला. प्रिमुलस धर्मगुरूंनी पाण्याचं भांडं उचललं. "चल, पोरी," ते मेलितिनाला हळूच म्हणाले. "त्या 'संध्याकाळ बघत नाही'बद्दल आपल्याला बोलावं लागेल." ते बाहेर उन्हात जाऊन थांबले.

मेलितिना उठली. ती कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. तिने एकदा तोंड उघडलं, मिटलं. उर्साला वाटलं, आभार मानते आहे. तिने मान फिरवून घेतली, कारण आभार तिला नको होते. मेलितिना दारापर्यंत गेली, तिथे घुटमळली, आणि वळली.

"विषाच्या सोंगात लोक रडायचे," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

"रडत असतील."

"पोट मी आत ओढायचे नाही."

"बरं."

"तुझ्याकडे फक्त टर्टुलस बघत असेल. आणि त्याचा बाप. बाकीचे माझ्याकडेच बघायचे. उर्से, खरं सांग ना. बघायचे की नाही?"

शाल डोक्यावरून घसरली होती आणि त्याचं तिला भान नव्हतं. डोळे बारीक झाले होते, खालचा ओठ दुमडला होता. हा चेहरा उर्साच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज सकाळी पाण्याच्या परातीत तो तिने बघितलेला होता. मेलितिनाच्या तोंडावर तो तिला प्रथमच दिसला. तिने तो पोटभर बघून घेतला.

"जा आता," उर्सा म्हणाली. "तुझे धर्मगुरू उन्हात उभे आहेत."